धडधडत आलेली गाडी

सहावीतल्या एका मुलाने वहीत लिहिले होते, ‘द डोअर मेड कर-कर साउंड.’ इंग्रजीच्या बाईंनी ‘कर-कर’खाली लाल रेघ ओढली आणि समासात ‘क्रीक’ हा शब्द लिहून दिला. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीतल्या टेबलावर ती वही उघडी होती. शेजारी बसलेल्या मराठीच्या सरांची नजर तिच्यावर गेली.

“बाई, या पोराचं चुकलं कुठे? दार करकरलंच ना?”

“करकरलं. पण इंग्रजी दार करकरत नाही, सर.”

“म्हणजे दाराचा आवाजसुद्धा आता पाठ करायचा?”

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मराठी माध्यमाच्या शाळेत हे बोलणे होऊ शकेल. इथे ते अशाच दोघांच्या तोंडी घातले आहे, कारण प्रश्न खरा आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. राज्यातल्या मराठी शाळांमध्ये 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे गाय ‘मू’ करते, बदक ‘क्वॅक’ करते, हे मुलांना सहाव्या वर्षीच कळते. पुढे वरच्या वर्गांत हेच शब्द ‘ऑनोमॅटोपिया’ असे भारदस्त नाव घेऊन अलंकार म्हणून परत येतात. ओळीखाली अलंकाराचे नाव लिहायचे, एका वाक्यात स्पष्टीकरण द्यायचे, गुण घ्यायचे. या दोन टोकांच्या मध्ये अनेक वर्षे आहेत, आणि त्या वर्षांत ध्वनींच्या या शब्दांकडे कोणी फिरकत नाही.

बाईंचा पक्ष साधा आणि अनुभवाचा आहे. इंग्रजीचे इतर सगळे शब्द मुलाला कोणीतरी सांगावे लागतात. ‘टेबल’ या शब्दात टेबलासारखे काही नाही. पण ‘बझ’, ‘हिस’, ‘स्प्लॅश’, ‘क्रॅश’ हे शब्द नीट उच्चारून दाखवले तर अर्थ निम्मा तरी कानातून आत जातो. “मी डोळे मिटायला सांगते आणि ‘स्प्लॅश’ म्हणते. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा म्हणतात, बाई, पाण्यात काहीतरी पडलं. शब्दकोश नाही, भाषांतर नाही. परक्या भाषेत एवढी सोय दुसरीकडे कुठे मिळते?”

“आता ‘नेय’ म्हणा,” सर म्हणाले. “डोळे मिटून कोण सांगेल की घोडा खिंकाळला? आणि ‘ओइंक’? आपल्याकडे डुक्कर असं कधी ओरडल्याचं ऐकलंय कुणी?”

सरांचे म्हणणे असे, की आवाज एक असतो आणि प्रत्येक भाषा तो आपल्या अक्षरांत बसवून घेते. तो बसवणे हा त्या त्या समाजाचा ठराव असतो. कोंबडा सगळीकडे सारखाच आरवतो, पण मराठी मुलाला ‘कुकूचकू’ ऐकू येते, फ्रेंच मुलाला ‘कोकोरिको’, जर्मन मुलाला ‘किकेरिकी’, जपानी मुलाला ‘कोकेकोक्को’ आणि इंग्रज मुलाला ‘कॉक-अ-डूडल-डू’. बेडकाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. इंग्रजी गोष्टींतला बेडूक ‘रिबिट’ म्हणतो. जगातले बहुतेक बेडूक तसे ओरडत नाहीत. तसा ओरडतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पॅसिफिक ट्री फ्रॉग. तो हॉलिवूडच्या परिसरात आढळतो, म्हणून चित्रपटांतल्या रात्रींना त्याचाच आवाज लाभला आणि ‘रिबिट’ जगभर गेले. पावसाळ्यात भातखाचरांतून ‘डराँव डराँव’ ऐकत वाढलेल्या मुलाला ‘रिबिट’ कानाने कळणार कसे? ते त्याला सांगावेच लागते, अगदी ‘टेबल’सारखे.

बाईंनी हे मान्य केले, पण एक बारीक गोष्ट दाखवली. “तुमचे पाचही कोंबडे पुन्हा एकदा म्हणून बघा, सर. सगळ्यांत ‘क’ आहे. ‘म’ने किंवा ‘ल’ने आरवणारा कोंबडा तुम्हाला यात सापडला नाही. मांजर तर मराठीत म्याँव आणि इंग्रजीत मिआव. ठराव असेल, पण तो हवेत झालेला नाही. समोर कोंबडा उभा होता.”

हा वाद आजचा नाही. यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराच्या निरुक्तातही तो आहे. ‘काक’ हा शब्द कावळ्याच्या आवाजाचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते, असे यास्क सांगतो. लगेच औपमन्यव या आचार्याचे मत येते, की ध्वनीचे अनुकरण म्हणून शब्द होतच नाहीत. काक म्हणजे हाकलून लावण्याजोगा, असा त्याचा उलगडा. ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादात एकजण नावे वस्तूंच्या स्वभावातून येतात म्हणतो, दुसरा ती लोकांनी ठरवली म्हणतो, आणि सॉक्रेटिस दोघांनाही सुखाने बसू देत नाही. शिक्षकखोलीतल्या या दोघांना त्याची कल्पना नसली, तरी ते फार जुन्या रांगेत उभे होते.

सरांच्या बाजूला विसाव्या शतकातला मोठा साक्षीदार आहे. भाषाशास्त्रज्ञ फर्डिनांड द सोस्यूरच्या व्याख्यानांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1916 मध्ये निघाले. त्यात त्याने म्हटले आहे, की अनुकरणातून आलेले शब्द भाषेत थोडे असतात, आणि एकदा भाषेत शिरले की तेही इतर शब्दांसारखे झिजतात. त्याचे उदाहरण कबुतराचे आहे. लॅटिनमध्ये चिवचिवणाऱ्या पिल्लाला ‘पीपिओ’ म्हणत. त्यात पिल्लाचा आवाज आहे. शतकानुशतके उच्चार बदलत गेला आणि त्याच शब्दाचे ‘पिजन’ झाले. आता त्यात कोणाचाच आवाज उरलेला नाही. कवितेचा अलंकार शिकवणाऱ्यांना छळणारे आणखी एक उदाहरण आहे. इंग्रज कवी टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’ या 1847 च्या काव्यात मधमाश्यांच्या गुणगुणीची एक ओळ आहे आणि ती या अलंकाराचा नमुना म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. अमेरिकी कवी-समीक्षक जॉन क्रो रॅन्सम याने तिच्यातले दोन शब्द किंचित बदलले. मधमाश्यांच्या जागी कत्तल होणारी गुरे आली, ‘म’ आणि ‘र’ जवळजवळ तेवढेच राहिले, आणि गुणगुण साफ नाहीशी झाली. म्हणजे गुणगुण अक्षरांत होती की अर्थात?

“दोन्हींत,” बाई म्हणाल्या. “अर्थ माहीत झाल्यावर अक्षरं कामाला लागतात. पण ती कामाला लागतात, हे तुम्ही सोडून देता.”

बाईंकडेही पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर याने 1929 मध्ये दोन आकृत्या आणि दोन निरर्थक शब्द घेऊन विचारले, कोणते नाव कोणत्या आकृतीचे? 2001 मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी तोच प्रश्न ‘बूबा’ आणि ‘किकी’ या नावांनी पुन्हा लोकांपुढे ठेवला. बहुतेकांनी टोकदार आकृतीला ‘किकी’ आणि गोलसर आकृतीला ‘बूबा’ म्हटले. लहान मुलांच्या शिकण्याशी याचा थेट संबंध जपानमध्ये दिसला. मुत्सुमी इमाई, सोतारो किता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये दाखवले, की चालण्याच्या ढबीशी ध्वनी जुळणारे नवे क्रियापद दिले तर तीन वर्षांची जपानी मुले ते नव्या प्रसंगात योग्य रीतीने लावतात. ध्वनी न जुळणाऱ्या क्रियापदाने ती गोंधळतात. पुढे 2011 मध्ये जपानीचा गंध नसलेल्या इंग्रजीभाषक मुलांनाही जपानी धाटणीच्या अशा शब्दांचा फायदा झाल्याचे दिसले.

“तीन वर्षांची पोरं,” सर म्हणाले. “आपली अकरा वर्षांची आहेत. त्यांचे कान मराठीने घडवून झालेत.”

“म्हणून तर ती तरबेज आहेत. कान घडलेला आहे, हा तोटा कसा?”

इथे सरांनी जे उदाहरण दिले ते खरे तर त्यांच्या बाजूचे होते, पण त्यानेच संवादाची दिशा बदलली. मृगाच्या आधी झाडावर बसून एक पक्षी चढत्या सुरात तीच तान पुन्हा पुन्हा घेतो. महाराष्ट्रातला शेतकरी त्याला पावशा म्हणतो आणि त्याच्या ओरडण्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ऐकतो. हिंदी मुलखात तोच पक्षी ‘पी कहाँ’ विचारतो. बंगालमध्ये तो ‘चोख गेलो’ म्हणतो, म्हणजे डोळे गेले असे सांगतो. आणि भारतात आलेल्या इंग्रजाला उन्हाळ्यात, उकाड्याने झोप उडालेली असताना, त्यात ‘ब्रेन-फीव्हर’ ऐकू आले. इंग्रजीत त्याचे नावच ‘ब्रेन-फीव्हर बर्ड’ पडले. टिटवीचेही तसेच. आपण तिच्या ओरडण्यावरून तिला टिटवी म्हटले, इंग्रजाला तीच ‘डिड-ही-डू-इट’ असे विचारताना ऐकू आली. पक्षी एक, तान एक. एकाला पेरणी सुचली, दुसऱ्याला विरह, तिसऱ्याला ताप.

“बघा,” सर म्हणाले, “आवाजात अर्थ नसतो. ऐकणाऱ्याच्या चिंतेत असतो.”

“हे मी सहावीला शिकवलं तर चालेल?” बाईंनी विचारले. सर क्षणभर गप्प झाले. कारण हा धडा शिकवता येण्याजोगा होता, आणि बैल ‘बेलो’ करतो, मेंढी ‘ब्लीट’ करते या तक्त्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पावशा ऐकलेले मूल वर्गात असते. इंग्रजीचा कान वेगळा आहे, चुकीचा नाही, आणि आपलाही चुकीचा नाही, हे त्याला एका पक्ष्यावरून कळते. आज शाळांत मराठी मुलाला इंग्रजी आवाज ‘बरोबर उत्तर’ म्हणून मिळतात आणि त्याचे स्वतःचे आवाज लाल रेघेखाली जातात. हे थांबवायलाच हवे.

पण मग ‘कर-कर साउंड’ बरोबर ठरवायचे का? नाही. या ठिकाणी बाईंचे खरे म्हणणे पुढे आले, आणि लेखाच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मुलाची अडचण ‘क्रीक’ हा शब्द माहीत नसणे ही नव्हती. त्याने ‘क्रीक’ पाठ केला असता तरी ‘द डोअर मेड क्रीक साउंड’ असेच लिहिले असते. मराठीत ध्वनीचा शब्द बहुधा क्रियापदाच्या शेजारी उभा असतो. दार करकर वाजले. फांदी कडकन मोडली. भांडे खणकन पडले. गाडी धडधडत स्टेशनात आली. मुख्य क्रिया वाजणे, मोडणे, पडणे, येणे ही असते, आणि आवाज तिच्यासोबत चालतो. इंग्रजी आवाजालाच क्रियापद करून टाकते. दार ‘क्रीक’ झाले एवढेच. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की आवाजाचे क्रियापद घेऊन इंग्रजी वस्तू इकडून तिकडे हलवते. ‘द ट्रेन रंबल्ड इंटू द स्टेशन.’ यात ‘आली’ हा शब्द कुठेही नाही. गाडी गडगडली आणि त्या गडगडण्यातच स्टेशनात पोचली. ‘द बुलेट व्हिसल्ड पास्ट हिज इअर’ म्हटले की गोळी शिट्टी वाजवत कानाजवळून गेलीही. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टॅल्मी याने भाषांच्या या फरकावर विस्ताराने लिहिले आहे. हालचालीची ढब इंग्रजी क्रियापदातच भरते. स्पॅनिशसारख्या भाषा ती बाजूला ठेवतात.

“म्हणजे हा अलंकाराचा विषयच नाही,” सर हळूच म्हणाले. “हा वाक्यरचनेचा आहे.”

“मी दुपारभर तेच सांगतेय.”

“नाही, तुम्ही ‘स्प्लॅश’ची मजा सांगत होता.”

दोघेही बरोबर होते. शाळेत हे शब्द नामांसारखे शिकवले जातात: गायीचा आवाज मू, सापाचा आवाज हिस. तक्त्यात ‘आवाज’ या रकान्यात बसलेला शब्द मुलाच्या वाक्यातही ‘साउंड’ला चिकटूनच येतो. तोच शब्द पहिल्या दिवसापासून क्रिया म्हणून भेटला, तेल ‘सिझल’ होते, बस ‘स्क्रीच’ करत थांबते, नळ रात्रभर ‘ड्रिप’ होतो, तर मुलाचे इंग्रजी वाक्य निम्म्याने हलके होईल.

सरांनी मग मराठी व्याकरणातून एक गोष्ट काढली, आणि ती बाईंना नवी होती. मराठी मूल बोलायला लागते तेव्हापासून एकदाच झालेला आवाज आणि पुन्हा पुन्हा होणारा आवाज वेगळे करते. थेंब टपकन पडला, पाणी टपटप गळते. दार धाडकन आपटले, छाती धडधडते. एकदा असेल तर ‘कन’, अनेकदा असेल तर द्विरुक्ती. कोणी शिकवत नाही, कोणी चुकत नाही. इंग्रजीत अशी द्विरुक्ती थोडी आहे, पण दुसरी जुनी सोय आहे. लाकूड एकदा मोडले की ‘क्रॅक’, चुलीत तडतडत राहिले की ‘क्रॅकल’. पाठीवर एक थाप ‘पॅट’, पत्र्यावर पावसाचे टपटप ‘पॅटर’. नाक एकदा ओढले की ‘स्निफ’, सर्दीने ओढत राहिले की ‘स्निफल’. शेवटचे ‘ल’ आणि ‘र’ पुनरावृत्ती सांगतात. इंग्रजी आता असे नवे शब्द सहसा घडवत नाही, पण जुने जागोजागी पडलेले आहेत.

“पण मुलं मग ‘ॲपल’ आणि ‘टेबल’मध्येही पुनरावृत्ती शोधतील,” बाईंनी शंका काढली.

“शोधू द्या. दोन दिवस हसतील आणि तिसऱ्या दिवशी शब्दाच्या शेपटाकडे बघायला शिकतील.”

मराठीची ही श्रीमंती एकटीची नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो याने 1969 मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात दाखवले, की अशा अनुकरणवाचक शब्दांची घडण भारतातल्या आर्यभाषा आणि द्राविडी भाषा या दोन वेगळ्या कुळांत सामायिक आहे. शेजारी राहून कुळांनी कान वाटून घेतले. आणि हे शब्द आवाजापाशी थांबत नाहीत. चांदणे लखलखते, रस्सा झणझणीत असतो, शेवाळ बुळबुळीत लागते, जखम ठसठसते. यांतल्या कशालाच आवाज नाही, तरी शब्द आवाजाच्याच साच्यातले आहेत. जपानीत याच दोन गटांना वेगळी नावे आहेत: आवाजाचे ते ‘गिओंगो’, स्थितीचे ते ‘गितायगो’. इंग्रजी शाळेतल्या ‘ऑनोमॅटोपिया’च्या व्याख्येत ‘ठसठस’ कुठे बसवायची? बसत नाही. मुलाकडे जे आहे त्याहून व्याख्या लहान आहे, हे त्याला मोकळेपणाने सांगायला हवे.

स्पेलिंगचा प्रश्न मात्र बाईंनी धरून ठेवला, आणि तिथे सरांना नमते घ्यावे लागले. ज्या शब्दाने आवाज ऐकवायचा तोच शब्द इंग्रजी लिपीत आवाज लपवतो. ‘नेय’ लिहिताना पाच अक्षरे लागतात आणि त्यांतली शेवटची दोन मुकी असतात. ‘नॉक’मधला पहिला ‘के’ मुलांना विनाकारण वाटतो. प्रत्यक्षात जुन्या इंग्रजीत तो उच्चारला जाई, ‘क्नॉक’ असा काहीसा, आणि दारावर बोटाच्या पेराचा जो आवाज होतो त्याच्या तो अधिक जवळ होता. सतराव्या शतकाच्या आसपास जीभ तो ‘के’ विसरली, लिखाणाने ठेवला. हे वर्गात दारावर टकटक करून दाखवता येते. मूल नंतर त्या ‘के’ला विसरत नाही. मराठी मूल जसे बोलते जवळपास तसे लिहिते, त्यामुळे लिहिलेल्या शब्दातून आवाज येईलच अशी त्याची अपेक्षा असते. म्हणून हे शब्द आधी कानाने, तोंडाने, मग फळ्यावर. क्रम उलटा झाला की ‘हिस’ हा साप न राहता चार अक्षरांचे स्पेलिंग होऊन बसतो.

“आणि परीक्षा?” सरांनी विचारले. “ओळीखाली ऑनोमॅटोपिया लिहिणाऱ्याला गुण आहेत. ‘रंबल’ने गाडी स्टेशनात आणणाऱ्याला काय?”

बाईंनी घटक चाचणीसाठी काढलेला प्रश्न दाखवला. अलंकाराचे नाव त्यात विचारलेलेच नव्हते. तीन मराठी वाक्ये होती: तेल चर्र झाले, बस करकन ब्रेक लावून थांबली, पत्र्यावर पाऊस टपटपत होता. ‘साउंड’ हा शब्द न वापरता ती इंग्रजीत लिहायची होती. सरांनी ती वाचली, आणि तिसऱ्या वाक्यापुढे पेन्सिलीने एक उपप्रश्न वाढवला: इथे ‘पॅट’ का चालणार नाही ते मराठीत सांगा.

“मराठीत? इंग्रजीच्या पेपरात?”

“कारण त्याला मराठीतच माहीत आहे,” सर म्हणाले. बाईंना हे पटले नाही. इंग्रजीच्या पेपरात उत्तर इंग्रजीतच हवे, तोडकेमोडके का होईना, हा त्यांचा आग्रह कायम होता. सरांनी उपप्रश्न खोडला नाही. पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हा बाई त्या उपप्रश्नाच्या गुणांवरच अडून होत्या.